साठीत नोकरी गेली, मेडिकेअर पासष्टीला: मधल्या वर्षांचा अमेरिकेतला विमा

नोकरी गेली तेव्हा मी साठ वर्षांचा होतो आणि बायको अठ्ठावन्नची. घराचं कर्ज फिटलं होतं, मुलगी मार्गी लागली होती. त्यामुळे पगार थांबल्याचं वाईट वाटणं दोन-चार दिवसांत ओसरलं. मग कोब्राचं, म्हणजे कंपनीचाच विमा आपल्या खर्चाने चालू ठेवण्याच्या हक्काचं, पत्र आलं. दोघांचा विमा आहे तसा चालू ठेवायचा तर महिन्याला दोन हजार डॉलरच्या वर! इतकी वर्षं पगाराच्या चिठ्ठीवर विम्याचे म्हणून जे पैसे कापलेले दिसायचे, तो खऱ्या किमतीचा एक तुकडा होता. बाकीचा भार कंपनी उचलत होती, आणि मी कधी तिकडे बघितलंही नव्हतं.

त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमात, कुणाच्या तरी बेसमेंटमधल्या पंगतीत, फोनवर असं करत बऱ्याच जणांना हे गणित समजावून झालं. म्हणून एकदाच लिहून काढतो. अमेरिकेत राहणाऱ्या, पन्नाशी-साठीतल्या, नोकरी गेलेल्या किंवा स्वतःहून सोडू पाहणाऱ्या माणसासाठी हे आहे. मेडिकेअर, म्हणजे पासष्टीचा सरकारी विमा, सुरू होईपर्यंतची वर्षं कशी काढायची, हा विषय. आकडे २०२६ सालचे आहेत. ते दर वर्षी थोडे सरकतात, तेव्हा अर्ज भरताना त्या वर्षीचे बघून घ्या.

सगळ्यात आधी एक सांगतो, कारण नव्वद टक्के लोक इथेच उलटे चालतात. प्लॅन शोधायला बसू नका. या वयात विमा परवडणार की नाही हे प्लॅनवर फारसं ठरत नाही, तुमच्या टॅक्स रिटर्नवरच्या एका आकड्यावर ठरतं. आधी तो आकडा, मग प्लॅन.

कायद्याने आपल्या वयाला काय दिलं

२३ मार्च २०१० रोजी ओबामांनी ज्या कायद्यावर सही केली, त्याला लोक ओबामाकेअर म्हणतात. कागदावर नाव अफोर्डेबल केअर अ‍ॅक्ट. त्याखालचे विमे १ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्याआधी स्वतःचा विमा स्वतः घ्यायला गेलेल्या मधुमेही माणसाला बहुतेक राज्यांत कंपनी सरळ नाही म्हणू शकत होती. आपल्याकडे मधुमेह आणि बीपी घरटी एक, म्हणजे विचार करा. आता कंपनीला नकार देता येत नाही, आजारासाठी जास्त पैसेही लावता येत नाहीत. वयासाठी मात्र लावता येतात, पण मर्यादेत: चौसष्ट वर्षांच्या माणसाचा हप्ता एकवीस वर्षांच्या माणसाच्या तिपटीपेक्षा जास्त नको. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटमध्ये तर वयाचा फरकच नाही. तंबाखू ओढणाऱ्याला बऱ्याच राज्यांत निम्म्यापर्यंत वाढीव हप्ता लागू शकतो.

तिप्पट म्हणजे तरीही तिप्पटच. म्हणून सरकारी मदत, म्हणजे सबसिडी, या वयात सर्वात मोलाची. हप्ता मोठा असतो, त्यामुळे मदतही मोठी मिळते.

पायरी पहिली: साठ दिवस मोजायला घ्या

कंपनीचा विमा कोणत्या तारखेला संपतो ते एचआरला लेखी विचारा. कुठे नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतो, कुठे महिनाअखेरीस. त्या तारखेपासून तुम्हाला मार्केटप्लेसवर, म्हणजे सरकारी विमा-बाजारात, प्लॅन घ्यायला साठ दिवस मिळतात. तारखेच्या साठ दिवस आधीपासूनही अर्ज करता येतो, आणि तोच शहाणपणा. जुना विमा महिनाअखेरीस संपत असेल तर नवा एक तारखेला सुरू होतो, मध्ये खंड पडत नाही. हे साठ दिवस हुकले तर थेट १ नोव्हेंबरला सुरू होणाऱ्या वार्षिक नोंदणीची वाट बघायची.

कोब्राचे साठ दिवस वेगळे. वीस किंवा अधिक माणसांच्या कंपनीत असाल तर जुना विमा साधारण अठरा महिने चालू ठेवायचा हक्क मिळतो. पूर्ण हप्ता आणि वर दोन टक्के तुम्ही भरायचे. होकार कळवायला साठ दिवस असतात आणि होकार दिला की विमा मागच्या तारखेपासून लागू होतो. म्हणून काही जण कागद घरात ठेवून थांबतात. मधल्या काळात काही झालंच तर होकार कळवून मागचे सगळे हप्ते भरायचे, नाहीच झालं तर कागद रद्दीत. हे कायदेशीर आहे. फक्त तारीख फ्रिजवर चिकटवून ठेवा.

मग कोब्रा घ्यावा का? वर्षातल्या कोणत्या महिन्यात नोकरी गेली ते बघा. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गेली असेल तर तोवरचा पगार आणि कंपनीने जाताना दिलेले पैसे मिळून त्या वर्षीचं उत्पन्न सबसिडीच्या पलीकडे गेलेलं असतं. डिडक्टिबलही, म्हणजे विमा खर्च उचलू लागण्याआधी दर वर्षी आपण भरायची रक्कम, बरंचसं भरून झालेलं असतं आणि नवा प्लॅन घेतला तर ते पुन्हा शून्यापासून सुरू होतं. अशा वेळी डिसेंबरपर्यंत कोब्रा आणि १ जानेवारीपासून मार्केटप्लेस हे बरं पडतं. फेब्रुवारीत नोकरी गेली तर गणित उलटं. एक लक्षात ठेवा: कोब्रा घेतला आणि मे महिन्यात महाग वाटतो म्हणून स्वतःहून सोडला, तर मार्केटप्लेसचं दार तेवढ्यासाठी उघडत नाही. नोव्हेंबरच.

बायको किंवा नवरा अजून नोकरीत असेल तर आधी त्यांच्या कंपनीचा विमा बघा. त्या विम्यात तुम्हाला घ्यायला कुटुंबाचा हप्ता घरच्या उत्पन्नाच्या ९.९६ टक्क्यांच्या आत बसत असेल, तर तो 'परवडणारा' धरला जातो आणि तुम्हाला सबसिडी मिळत नाही. तुम्हाला तो खरोखर परवडतो का, हे कुणी विचारत नाही.

पायरी दुसरी: तो आकडा

सबसिडीसाठी पगार बघत नाहीत, बँकेतली शिल्लक बघत नाहीत, घराची किंमत बघत नाहीत. बघतात ते एक सुधारित उत्पन्न. इथे त्याला मॅगी म्हणतात, नूडल्सचा काही संबंध नाही. तुमच्याकडे वीस लाख डॉलरची पुंजी असेल आणि त्या वर्षीचं मॅगी साठ हजार असेल, तर तुम्ही साठ हजारवाले.

आकड्यात काय येतं? पगार, जाताना मिळालेले पैसे, बेकारी भत्ता, साध्या ४०१-के आणि आयआरए या निवृत्ती खात्यांमधून काढलेली रक्कम, शेअर विकून झालेला नफा, डिव्हिडंड, व्याज. सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन, बासष्टीलाच सुरू केलीत तर ती अख्खी येते, टॅक्स न लागणारा भागसुद्धा. रॉथमध्ये (कर आधी भरून पैसे ठेवायच्या निवृत्ती खात्यात) रूपांतर केलेली रक्कमही येते.

काय येत नाही? बचत खात्यातलं स्वतःचंच मुद्दल, नियमात बसणारी रॉथमधली रक्कम, वारशाने आलेले पैसे, मुलांनी दिलेली भेट.

आता आपल्या लोकांचा खास प्रश्न. भारतातलं उत्पन्न आकड्यात येतं का? येतं. कोथरूडच्या फ्लॅटचं भाडं येतं, एनआरओ ठेवीचं व्याज येतं. आणि जिथे भलेभले चुकतात ते एनआरई ठेवीचं व्याजही येतं. भारतात ते करमुक्त, म्हणून लोक समजतात की इथेही विषय संपला. अमेरिकेत ते करपात्रच आहे. फ्लॅट विकलात तर त्या वर्षी नफाही येतो. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी जानेवारीत झकास सबसिडी घेतली आणि जूनमध्ये नाशिकचा प्लॉट विकला. पुढल्या एप्रिलला टॅक्सवाल्याच्या टेबलावर चहा गार झाला. भारतातली मालमत्ता विकायची असेल तर ज्या वर्षी पगार चालू आहे, म्हणजे सबसिडीचा प्रश्नच नाही, त्या वर्षी विका. नाहीतर पासष्टीनंतर.

पायरी तिसरी: कड्यापासून लांब

२०२१ ते २०२५ या काळात एक सवलत होती. उत्पन्न कितीही असो, ठरलेल्या प्लॅनचा हप्ता उत्पन्नाच्या साडेआठ टक्क्यांवर गेला की वरचं सरकार भरत असे. ती १ जानेवारी २०२६ पासून संपली आणि जुना नियम परत आला. दारिद्र्यरेषेच्या चौपटीपर्यंत मदत, त्यावर एक डॉलर गेला की काही नाही. २०२६ साठी ती चौपट एका माणसाला ६२,६०० डॉलर आणि दोघांच्या घराला ८४,६०० डॉलर. कॉलेजातलं मूल तुमच्या रिटर्नवर असेल तर घर तिघांचं धरतात आणि मर्यादा १,०६,६०० होते.

हा कडा किती खोल आहे ते बघा. समजा दोघंही साठीचे आहेत आणि तुमच्या भागात आधारभूत सिल्व्हर प्लॅनचा, म्हणजे सबसिडी ज्यावरून मोजतात त्याचा, दोघांचा हप्ता महिना २,४०० डॉलर, म्हणजे वर्षाला २८,८०० आहे. उत्पन्न ८४,६०० असेल तर त्याच्या ९.९६ टक्के, म्हणजे सुमारे ८,४३० डॉलर तुमचे. उरलेले वीस हजारांच्या वर सरकारचे. उत्पन्न ८४,६०१ झालं तर सगळे २८,८०० तुमचे. एका डॉलरपायी कडेलोट. न्यू जर्सीसारख्या राज्यांत राज्य सरकारची वेगळी मदत थोडी वरच्या उत्पन्नापर्यंत मिळते, पण ती या वीस हजारांची जागा घेत नाही.

म्हणून आकडा आटोक्यात ठेवायचा. त्याचे रस्ते सरळ आहेत, पळवाटा नाहीत.

घरखर्चाला पैसे कुठून काढायचे हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवा. साध्या बचतीतून आणि रॉथमधून जास्त, ४०१-केमधून मोजकं. सोशल सिक्युरिटी घाईने सुरू करू नका. थोडंफार सल्लागारीचं काम करत असाल तर त्या कमाईतून साध्या आयआरएमध्ये टाका. नोकरीतली पेन्शन योजना नसेल तर ती रक्कम उत्पन्नातून वजा होते आणि पन्नाशीपुढच्याला २०२६ मध्ये ८,६०० डॉलरपर्यंत टाकता येतात. कमाई शून्य असेल तरी एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठीचं बचत खातं आहे; त्यात टाकलेली रक्कमही उत्पन्नातून वजा होते. त्याला कमाईची अट नाही. २०२६ पासून मार्केटप्लेसचे सगळे ब्राँझ प्लॅन एचएसएला चालतात, हा नवा बदल आपल्या वयाला फार उपयोगी आहे. कुटुंबाचा प्लॅन असेल तर ८,७५० डॉलर, आणि पंचावन्नपुढच्या प्रत्येकाला वर एक हजार. मात्र दोघांचे जादा हजार दोघांच्या वेगवेगळ्या खात्यांत टाकावे लागतात.

खाली फार घसरणंही बरं नाही. टेक्साससारख्या राज्यांनी मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा, वाढवलेलं नाही. तिथे उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या खाली, दोघांसाठी २१,१५० डॉलरच्या खाली गेलं, तर सबसिडी नाही आणि बहुधा मेडिकेडही नाही. पुंजीवर जगणाऱ्या जोडप्याने तिथे मुद्दाम थोडं रॉथ रूपांतर करून आकडा वर आणायचा. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉयमध्ये दोघांचं उत्पन्न साधारण २९ हजारांच्या आत असेल तर मार्केटप्लेस तुम्हाला मेडिकेडकडे पाठवतं. मेडिकेड वाईट नाही, पण पंचावन्नपुढच्या माणसावर झालेला काही खर्च राज्य त्याच्या पश्चात इस्टेटीतून वसूल करू शकतं. घर नावावर असेल तर हे विचारून घ्या.

आणि हो, नवरा-बायकोने रिटर्न एकत्रच भरायचं. वेगवेगळं भरलं तर, काही मोजके अपवाद सोडता, सबसिडी हातची जाते.

पायरी चौथी: आता प्लॅन

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स यांची स्वतःची मार्केटप्लेस आहेत. टेक्सास, फ्लोरिडा वगैरेंसाठी हेल्थकेअर डॉट गव्ह. गुगलवर शोधलंत तर वरच्या चार-पाच जागा दलालांच्या जाहिरातींनी भरलेल्या असतात. तिथे फोन नंबर टाकलात तर पुढचे दोन महिने फोन थांबणार नाहीत. पत्ता स्वतः टाइप करा. मार्केटप्लेसला वगळून विमा कंपनीकडून थेट प्लॅन घेतलात तर तोच प्लॅन, तोच हप्ता, पण सबसिडी नाही.

ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम ही डॉक्टरांची प्रतवारी नव्हे. सरासरी खर्चातला साधारण किती वाटा प्लॅन उचलतो, तेवढंच त्यातून कळतं: ६०, ७०, ८०, ९० टक्के. दोघांचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या अडीच पटीच्या आत, म्हणजे ५२,८७५ पर्यंत असेल, तर डोळे झाकून आधी सिल्व्हर बघा. फक्त त्यातच डिडक्टिबल आणि को-पे (दर भेटीला भरायची ठरावीक रक्कम) कमी करणारी वेगळी सवलत मिळते. उत्पन्न त्यावर असेल तर सिल्व्हरला विशेष अर्थ उरत नाही. टेक्सासात तर गोल्डचा हप्ता सिल्व्हरपेक्षा कमी निघू शकतो. सिल्व्हरचे दर कृत्रिमरीत्या फुगलेले असतात, म्हणून हे घडतं. सबसिडीचे पैसे कोणत्याही धातूच्या प्लॅनला लावता येतात.

माझं मत विचाराल तर: नेहमीच्या दोन-तीन गोळ्या, वर्षाला चार डॉक्टरभेटी आणि हाताशी थोडी पुंजी असेल तर ब्राँझ आणि एचएसए. गुडघा बदलायचा आहे, हृदयाचं काही निघालं आहे, तर गोल्ड. हप्ता आणि वर्षातला तुमच्या खिशातला कमाल खर्च यांची बेरीज करून तुलना करा. हा कमाल खर्च माणशी दहा हजारांच्या थोडा वर असू शकतो. फक्त हप्ता बघून घेतलेला प्लॅन पहिल्या ऑपरेशनला रडवतो.

मग डॉक्टर. तुमचे डॉक्टर आणि जवळचं हॉस्पिटल प्लॅनच्या नेटवर्कमध्ये, म्हणजे त्याच्या मान्य यादीत, आहे का, हे साइटवर बघा आणि दवाखान्यात फोन करूनही विचारा. 'आम्ही त्या कंपनीचा विमा घेतो' यावर थांबू नका, प्लॅनचं पूर्ण नाव सांगून विचारा. एकाच कंपनीचे पाच प्लॅन असतात आणि पाचांची नेटवर्कं वेगळी. इन्सुलिन किंवा महागडं औषध चालू असेल तर औषधांच्या यादीत ते कितव्या पातळीवर आहे तेही बघा.

मोठ्यांचे दात या विम्यात सक्तीने येत नाहीत. आपली मंडळी ते पुण्याला जाऊन करून येतात, ते योग्यच. पण तिथे तीन महिने राहणार असाल तर हा विमा भारतातल्या नेहमीच्या उपचारांना चालत नाही. प्रवासाचा वेगळा विमा घ्या. उलट पन्नाशीनंतरची शिंगल्सची लस, मॅमोग्राम, तपासणी म्हणून केलेली कोलोनोस्कोपी हे नेटवर्कमध्ये फुकट असतं. ते सोडू नका.

महिना दोनशे डॉलरमध्ये 'संपूर्ण संरक्षण' सांगणारा फोन आला तर तो बहुतेक अल्पमुदतीचा किंवा ठरावीक रक्कम देणारा प्लॅन असतो, नाहीतर धार्मिक गटांची खर्च-वाटणी. जुन्या आजाराला तिथे नकार मिळू शकतो. मधुमेह्याने तिकडे फिरकूही नये.

पायरी पाचवी: अर्ज आणि नंतरची जबाबदारी

वार्षिक नोंदणी १ नोव्हेंबरला उघडते, म्हणजे नेमकी दिवाळीच्या आसपास. फराळ आणि भारतवारीच्या गडबडीत ती राहून जाते. शेवटची तारीख राज्याप्रमाणे बदलते. तुम्ही १५ डिसेंबर हीच शेवटची समजा, म्हणजे १ जानेवारीपासून विमा मिळेल. पहिला हप्ता भरेपर्यंत विमा सुरू होत नाही, हेही अनेकांना माहीत नसतं. अर्ज भरायला मार्केटप्लेसने नेमलेले मदतनीस फुकट मिळतात.

अर्जात पुढच्या वर्षाचं अंदाजी उत्पन्न लिहायचं असतं. त्यावरून सबसिडी दर महिन्याला थेट कंपनीकडे जाते. वर्ष संपल्यावर १०९५-ए हा फॉर्म येतो आणि रिटर्नसोबत ८९६२ नंबरचा फॉर्म भरून हिशेब जुळवायचा. आधी जास्त घेतलेल्या रकमेच्या परतफेडीला, उत्पन्न कड्याच्या आत असेल तर, मर्यादा होती. २०२६ सालापासून ती गेली. जास्त घेतलेला प्रत्येक डॉलर परत. त्यामुळे मध्येच काम मिळालं किंवा शेअर विकले तर लगेच मार्केटप्लेसवर आकडा बदला. अंदाज डळमळीत असेल तर सबसिडी थोडीच आगाऊ घ्या, उरलेली रिटर्न भरताना मिळते.

ग्रीन कार्डाच्या रांगेत केस पिकलेल्यांसाठी एक वाईट बातमी. १ जानेवारी २०२७ पासून एच-१बी (नोकरीचा), एच-४ (त्याच्या जोडीदाराचा) अशा व्हिसावर असलेल्यांना ही सबसिडी मिळणार नाही. नागरिक, ग्रीन कार्डवाले आणि दोन-तीन छोटे गट एवढ्यांनाच ती राहील. पूर्ण किमतीत प्लॅन घेता येईल, पण साठीत पूर्ण किंमत म्हणजे काय ते वर आलंच आहे. अशा घरात एकाने तरी विमा देणारी नोकरी धरून ठेवणं, पगार कमी असला तरी, हाच व्यवहार.

पायरी शेवटची: पासष्टीचा सांधा

मेडिकेअरची नोंदणी वाढदिवसाच्या महिन्याच्या तीन महिने आधी उघडते आणि तीन महिने नंतर बंद होते. आधीच्या तीन महिन्यांतच करा. अमेरिकेत चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं काम झालं असेल तर पार्ट ए, म्हणजे मेडिकेअरचा हॉस्पिटलचा भाग, फुकट. भारतातली नोकरी यात धरत नाहीत, दोन देशांमध्ये तसा करार नाही. पण जी बाई आधी एच-४ वर होती, कधी नोकरी केली नाही आणि आता नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली आहे, तिलाही नवऱ्याच्या तिमाह्यांवर पासष्टीला पार्ट ए फुकट मिळतं. नवरा तेव्हा निदान बासष्टचा हवा.

इथला सापळा कोब्राचाच. कोब्रा चालू आहे म्हणून पार्ट बी, म्हणजे मेडिकेअरचा डॉक्टरांचा भाग, पुढे ढकललं तर ते चालत नाही. उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो आणि ती वाढ जन्मभर राहते. एचएसएमध्ये पैसे टाकणंही मेडिकेअर सुरू होण्याआधी थांबवायला हवं.

पार्ट ए फुकट मिळायला लागलं की त्या व्यक्तीची सबसिडी संपते, पण मार्केटप्लेसचा प्लॅन आपोआप बंद होत नाही. तो तुम्ही बंद करायचा. आणि बंद करताना 'प्लॅन रद्द' असं बटण दाबू नका, फक्त स्वतःचं नाव काढा. नाहीतर मागे राहिलेल्या, पासष्टीला अजून दोन-चार वर्षं असलेल्या जोडीदाराचा विमाही त्याच दिवशी जातो.